लोटूचं डिप्लोम्याचं कर्ज

तापीच्या काठी केळीच्या बागांमध्ये एक गाव आहे. त्या गावात एक भोळा मुलगा राहायचा. नाव लोटू. भोळा म्हणजे किती भोळा? तर सांगितलेलं सगळं ऐकणारा, इतका. असा मुलगा मिळावा म्हणून आया नवस बोलतात. लोटूच्या आईला तो नवस न बोलताच मिळाला होता.

आईचं नाव सुभद्रा. ती अंगणवाडीत मदतनीस होती. घरात दोघंच. लोटू बारावी पास झाला, तोही बऱ्या मार्कांनी. परीक्षेत त्याचं ऐकणं कामाला यायचं. 'कोणतेही तीन सोडवा' असं छापलेलं असलं की तो तीनच सोडवायचा आणि पेन खाली ठेवायचा.

तालुक्याच्या पॉलिटेक्निकमध्ये फ्रीज, एसी आणि शीतगृहाच्या यंत्रांचा तीन वर्षांचा डिप्लोमा होता. लोटूला यंत्रं आवडायची. पण फी मोठी होती. कर्ज काढल्याशिवाय भागणार नव्हतं.

सुभद्राबाईंच्या जिवाला घोर लागला. कर्ज काढलं आणि नोकरीच लागली नाही तर? नोकरी लागली आणि पगार हप्त्यातच गेला तर? आणि कर्ज काढलंच नाही, तर पोरगं जन्मभर दुसऱ्याच्या ट्रकात केळीचे घड भरत बसेल, त्याचं काय? भाकरी थापतानासुद्धा त्या हाच हिशोब करायच्या, आणि भाकरी करपायची.

शेवटी त्या म्हणाल्या, "लोटू, गल्लीच्या टोकाला हेमराज राहतो ना, त्यानं हाच डिप्लोमा केलाय. कर्ज काढूनच केलाय. आता नोकरीला आहे. जा, त्याला विचार, कर्ज किती काढलंस, पगार किती, हप्ता किती, हातात किती उरतं. लाजू नकोस. थेट विचार."

"बरं आई," लोटू म्हणाला आणि निघाला.

हेमराजच्या घरी त्या दिवशी मुलीकडची माणसं घर बघायला आली होती. सतरंजी अंथरलेली. हेमराज नव्या शर्टात. पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या. हेमराजचे वडील सांगत होते, "आमचा हेमराज म्हणजे कंपनीत साहेबच आहे बघा."

लोटू उंबऱ्यात उभा राहिला.

"हेमराजभाऊ, कर्ज किती काढलंस?"

पाहुण्याचा चमचा वाटेत थांबला.

"पगार किती? हप्ता किती? हातात किती उरतं?"

"हा आमच्या गल्लीतला," हेमराजचे वडील घाईघाईनं म्हणाले. "जरा असाच आहे."

मुलीच्या वडलांनी बशी खाली ठेवली. "असू द्या असाच. पण उत्तर काय?"

हेमराज लालबुंद झाला. खालमानेनं म्हणाला, "अर्धा पगार हप्त्यात जातो. अजून दोन वर्षं जाईल. मग सगळा माझा."

त्याच्या वडलांना पोह्यांचा ठसका लागला. पाहुणे उठले. "घरी विचार करून कळवतो," म्हणाले आणि चपला घालून गेले.

लोटू उड्या मारत घरी आला. "आई, अर्धा जातो, अर्धा उरतो. आणि पाहुणे पण गेले."

पाठोपाठ हेमराजची आई आली. ती काय काय बोलली ते मुलांच्या गोष्टीत लिहिता येणार नाही.

सुभद्राबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे लोट्या, पाहुणे बसलेले असताना तिथं असं विचारायचं नसतं रे! अशा ठिकाणी गप्प बसायचं. समोर ठेवलेलं खायचं. 'छान झालंय' म्हणायचं. उठताना 'घरी विचार करून कळवतो' म्हणायचं."

"बरं आई. आता कळलं."

आणि त्याला खरंच कळलं होतं.

पण अर्धा उरतो, हे सुभद्राबाईंच्या मनात बसलं. अर्ध्यात दोघांचं भागेल. त्या म्हणाल्या, "उद्या बँकेत जा. साळवी साहेबांना भेट. कर्जाची चौकशी कर."

लोटू बँकेत पोचला तेव्हा जेवणाची सुट्टी व्हायची होती. साळवी साहेबांनी डबा उघडून टेबलावर ठेवला होता. लोटूला बघून म्हणाले, "या, बसा. काय काम काढलंत?"

लोटू गप्प बसला.

"कर्ज हवंय का?"

लोटू गप्प.

"शिक्षणासाठी? किती हवंय?"

लोटूनं समोर पाहिलं. समोर डबा होता. त्यानं डबा पुढं ओढला. पोळी, मेथीची भाजी, कोपऱ्यात लोणच्याची फोड. साळवी साहेब बघत राहिले. माणूस इतक्या शांतपणे दुसऱ्याचा डबा खाऊ लागला, की आपणच काहीतरी विसरलोय असं वाटतं. डबा संपला. लोटूनं बोटं पुसली.

"छान झालंय," तो म्हणाला. उठला. "घरी विचार करून कळवतो."

संध्याकाळी ही हकीकत ऐकून सुभद्राबाई भिंतीला टेकून बसल्या.

"साहेबांचा डबा? अख्खा?"

"लोणचं उरवलं. आंबट होतं."

"अरे लोट्या, बँकेत असं करायचं नसतं रे! तिथं आपली गरज असते. दोन जामीनदार बरोबर न्यायचे. हात जोडायचे. म्हणायचं, 'साहेब, नड आहे. जे द्याल ते घेईन. पै न पै फेडीन.'"

"बरं आई. आता कळलं."

आता यात चूक कुणाची, हे सांगणं सोपं नाही. आई सांगते ते बरोबरच असतं. निदान सांगत असते तेव्हा तरी.

साळवी साहेबांना दोन दिवस तोंड दाखवायला नको, असं सुभद्राबाईंनी ठरवलं. तोवर कॉलेज तरी बघून होईल. हेमराजला नोकरी लागली, पण बाकीच्या पोरांचं काय? "लोटू, कॉलेजात जा. तुमच्याकडून शिकून निघालेली पोरं नोकरीला लागली का, कुठं लागली, पगार काय मिळतो, ते बघून ये."

लोटू गेला. जाताना बरोबर दोन माणसं घेतली. एक यादवमामा, आणि एक शेजारचे गोविंदअण्णा. "कशाला रे?" असं दोघांनीही विचारलं. "जामीनदार लागतात," लोटू म्हणाला. तालुक्याला फुकट जायला मिळतंय म्हणून दोघांनी पुढं काही विचारलं नाही.

कॉलेजच्या बऱ्याच जागा रिकाम्या होत्या. तीन माणसं आत येताना दिसली तशी प्राचार्य स्वतः बाहेर आले. "या, या! प्रवेश घ्यायचाय ना?"

लोटूनं हात जोडले. जामीनदारांनीही जोडले.

"साहेब, नड आहे. जे द्याल ते घेईन. पै न पै फेडीन."

प्राचार्यांचा चेहरा उजळला. त्यांच्याकडे येणारे पालक नेहमी फी कमी करा म्हणायचे. असं कुणी बोललंच नव्हतं. त्यांनी लोटूला माहितीपुस्तिका दिली. कॅलेंडर दिलं. कॉलेजचं नाव छापलेली छत्री दिली. यादवमामांनाही छत्री दिली. गोविंदअण्णा रुसले, म्हणून त्यांना दोन कॅलेंडरं दिली.

"पोरं नोकरीला लागली का?" सुभद्राबाईंनी दारातच विचारलं.

"ते नाही कळलं. पण छत्री बघ, बटण दाबलं की आपोआप उघडते."

घरात छत्री आपोआप उघडली. शिंक्यावरचं दुधाचं पातेलं खाली आलं.

"अरे लोट्या, असं देतील ते घेऊन यायचं नसतं रे! छाती काढून विचारायचं असतं! 'आजवर किती जणांचं भलं केलंत? नावं सांगा! एक तरी माणूस समोर उभा करा!' असं."

"बरं आई. आता कळलं."

दूध पुसता पुसता सुभद्राबाईंच्या पाठीत चमक भरली. उठवेना, बसवेना. "लोटू," त्या कण्हत म्हणाल्या, "वाणी डॉक्टरांकडे जा. पाठीचं सांग. औषध आण."

डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर दाटीवाटीनं माणसं बसली होती. लोटू मधोमध उभा राहिला. छाती काढली.

"डॉक्टर! आजवर किती जणांचं भलं केलंत? नावं सांगा! एक तरी माणूस समोर उभा करा!"

बाकावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"मी वर्षभर येतोय," एक म्हातारबाबा म्हणाले. "गुडघा आहे तसाच आहे."

"माझा खोकला बघा की," एक बाई म्हणाली आणि खोकून दाखवलं.

हळूहळू बाक रिकामं झालं. डॉक्टरांनी लोटूला औषध दिलं नाही. दिलं ते शब्दांनी दिलं.

"अरे लोट्या!" सुभद्राबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "डॉक्टरपुढं असं करायचं नसतं रे! आपणहून जीभ दाखवायची. मोठा श्वास घ्यायचा. काही विचारलं की कुठं दुखतंय ते सांगायचं."

"बरं आई. आता कळलं."

पाठ आपोआप बरी झाली. काय करते, औषधच नव्हतं.

दरम्यान हेमराज एकदा घरी येऊन गेला. सुभद्राबाईंना वाटलं, भांडायला आला. पण तो पेढे घेऊन आला होता. मुलीच्या वडलांनी होकार कळवला होता. "म्हणाले, जावयावर कर्ज किती ते लग्नाआधीच कळलं, हे बरं झालं." मग तो ओट्यावर बसला आणि सुभद्राबाईंना त्यानं नीट समजावलं. पहिलं वर्ष ओढाताणीचं जातं. पगार कमी, हप्ता तोच. पण हात बसला की बाहेरची कामंही मिळतात. आता गावोगावी केळी पिकवायच्या थंड खोल्या झाल्यात. यंत्र बंद पडलं की माणसं धावत येतात. "फक्त काकू, कर्ज फीपुरतंच काढा. मोटारसायकलचं त्यात घालू नका. मी घातलं होतं."

त्या दिवशी सुभद्राबाईंची भाकरी करपली नाही. कर्ज काढायचं ठरलं.

या वेळी त्या स्वतः बँकेत गेल्या. बरोबर साळवी साहेबांसाठी डबा नेला. मेथीची भाजी, पोळी आणि गोडं लोणचं. साहेबांनी अर्ज घेतला. म्हणाले, "आमचे भिरूड साहेब घरी येऊन चौकशी करतील. मुलाला बघतील. मग मंजुरी."

भिरूड साहेब यायच्या दिवशी सुभद्राबाईंनी घर झाडून-पुसून लख्ख केलं. घरात धड कपबश्या नव्हत्या. शेजारच्या काशीकाकूंकडून सोनेरी काठाच्या सहा कपबश्या आणल्या. लोटूला नवरदेवासारखं नटवलं आणि बजावलं, "साहेबांसमोर मोठ्या माणसासारखा वाग."

साहेब आले. चहा आला. साहेब म्हणाले, "तूच का लोटू?"

लोटूनं जीभ बाहेर काढली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. जीभ तिथंच होती.

"बरं," ते म्हणाले. "डिप्लोमा कशासाठी करायचाय?"

लोटूनं छाती फुगेपर्यंत मोठा श्वास घेतला.

"कर्ज फेडता येईल असं वाटतं का?"

"इथं," लोटू म्हणाला आणि बरगडीखाली बोट ठेवलं. "वाकलो की जास्त."

भिरूड साहेब हसायला लागले. इतके हसले, की चहा बशीत सांडला आणि बशीतून पँटवर. डोळे पुसत ते सुभद्राबाईंकडे वळले. "बाई, तुम्हीच सांगा. फेडणार कसं?"

सुभद्राबाईंनी पदर सावरला. "साहेब, हा डिप्लोमा केलेल्या पोराला विचारलंय. अर्धा पगार हप्त्यात जाईल, अर्ध्यात आम्ही दोघं राहू. पहिलं वर्ष जड जाईल, तर माझं मानधन आहे. फीच्या वर एक रुपया मागत नाही. पोराला बाहेरचं कळत नाही, पण हातात यंत्र द्या. शाळेतला बंद पडलेला पंखा यानं चालू केलाय. गुरुजींनी फक्त 'उघडून बघ' म्हटलं होतं."

"आणि मग?"

"मग 'परत लावून टाक' असं पण म्हणावं लागलं. पण लावला."

साहेबांनी सही केली. जाता जाता म्हणाले, "आमच्याकडे येणारे काय काय लपवतात. हा पोरगा निदान जीभ तरी दाखवतो."

सुभद्राबाई इतक्या हरखल्या, की कपबश्या परत करायच्या राहूनच गेल्या. दुसऱ्या दिवशी काशीकाकूंकडे पुण्याची विहीण आली. तिला चहा स्टीलच्या पेल्यात द्यावा लागला. विहीण निघून गेल्यावर काशीकाकू कमरेला पदर खोचून दारात आल्या. "सुभद्रे, कपबश्या दिल्या होत्या, आंदण नव्हतं दिलं!"

सुभद्राबाई ओशाळल्या. काकू गेल्यावर त्यांनी लोटूला समोर बसवलं. या वेळी चूक त्याची नव्हती, पण आईला सांगायची सवय लागली की लागतेच.

"हे बघ लोटू. दुसऱ्याकडून आणलेली वस्तू घरात रात्रभर ठेवायची नाही. ज्या दिवशी आणली त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत परत करायची. आणि रिकामी नाही द्यायची. आत काहीतरी घालून द्यायचं. रिकामं भांडं परत देत नाहीत."

"बरं आई. आता कळलं."

लोटू कपबश्या घेऊन गेला. प्रत्येक कपात काठोकाठ साखर भरली होती. घरातला साखरेचा डबा संपला, पण काशीकाकूंचा राग गेला. त्या स्वतः येऊन म्हणाल्या, "पोरगा गुणाचा आहे हो."

सुभद्राबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सांगितलेली गोष्ट लोटूनं सांगितलेल्या ठिकाणीच केली होती. पहिल्यांदाच. त्यांना वाटलं, आता पोरगा मार्गाला लागला. आता याला एकट्याला पाठवायला हरकत नाही.

आणि पाठवायची वेळही आली. बँकेनं कळवलं, फीचा ड्राफ्ट तयार आहे. त्या दिवशी अंगणवाडीत लसीकरण होतं, सुभद्राबाईंना सुट्टी मिळेना. त्यांनी आपली कापडी पिशवी लोटूच्या खांद्याला अडकवली. "बँकेतून ड्राफ्ट घे. पिशवीत ठेव. कॉलेजात नेऊन दे. पावती घे. एवढंच. जास्तीचं काही करू नकोस."

लोटूनं बँकेतून ड्राफ्ट घेतला. पिशवीत ठेवला. कॉलेजात नेऊन दिला. पावती घेतली. कारकुनानं रजिस्टरात नाव लिहिलं आणि म्हणाला, "झाला तुझा प्रवेश. जा, वर्कशॉप बघून ये."

लोटू वर्कशॉपमध्ये गेला. मधोमध एक मोठं यंत्र उघडून ठेवलं होतं. आतल्या तांब्याच्या नळ्या चमकत होत्या. त्यानं एका नळीला बोट लावलं. गार होती. तो हसला. कुणी सांगितलं नव्हतं, तरी हसला.

बाहेर आल्यावर आईसाठी त्यानं केळ्यांची एक फणी घेतली, पिशवीत टाकली आणि बसची वाट बघत उभा राहिला. ऊन उतरलं होतं. सावल्या लांब झाल्या होत्या. लोटूनं सूर्याकडे पाहिलं.

आणि तो पळत सुटला.

"ड्राफ्ट परत द्या!" त्यानं कारकुनाला सांगितलं.

"का रे? झालाय की प्रवेश."

"ड्राफ्ट दुसऱ्याकडून आणलेला आहे. दिवस मावळायच्या आत परत द्यायचाय."

"अरे बाबा, तो परत नेलास तर प्रवेश जाईल!"

"जाऊ द्या," लोटू म्हणाला. "दिवस मावळून चालायचं नाही."

कारकुनानं समजावलं. शिपायानं समजावलं. शेवटी कारकुनानं पावती घेतली, ड्राफ्ट दिला, रजिस्टरातल्या नावावर रेघ मारली आणि म्हणाला, "सोमवारी शेवटची फेरी आहे. तोवर डोकं ठिकाणावर आलं तर ये."

साळवी साहेब बँकेचं शटर ओढत होते. सूर्य केळीच्या पानांमागं अर्धा बुडाला होता. लोटू धापा टाकत आला आणि पिशवी त्यांच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"तुमचं कर्ज. घ्या परत."

साहेबांनी पिशवीत डोकावलं. "आणि ही केळी?"

"रिकामं देत नाहीत," लोटू म्हणाला.

साळवी साहेबांनी खूप कर्जं दिली होती. बरीच बुडालेली पाहिली होती. पण सकाळी दिलेलं कर्ज संध्याकाळी केळ्यांसकट परत आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. पण बँकेची वेळ संपली होती. त्यांनी पिशवी आत नेली, आहे तशी तिजोरीत ठेवली आणि कुलूप लावलं.

सुभद्राबाई दारातच उभ्या होत्या. "दिलास ड्राफ्ट?"

"दिला."

"मिळाली पावती?"

"मिळाली."

"मग दाखव की!"

"परत दिली. ड्राफ्ट परत घेतला ना, म्हणून. आणि ड्राफ्ट बँकेला दिला. आई, सगळं कर्ज फिटलं! दिवस मावळायच्या आत!"

सुभद्राबाई उंबऱ्यावरच बसल्या.

"आणि प्रवेश?"

"तो गेला. सोमवारी पैसे घेऊन गेलो तर देतील म्हणाले."

"पैसे कुठले आणणार आता, लोट्या? पैसे कुठले आणणार?"

लोटू आईजवळ उंबऱ्यावर बसला. तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तू काळजी करू नको आई. आपली पिशवी साहेबांकडेच राहिलीय. एवढे मोठे साहेब. पिशवी आणून देतील ती रिकामी थोडीच देतील?"